कॅसल हिल ते कोळशाची नदी

आपल्या कॅसल हिलचे नाव ऑस्ट्रेलियाच्या इतिहासाच्या पुस्तकांत येते ते १८०४ च्या बंडामुळे. आज जिथे हेरिटेज पार्क आहे, त्या भागात १८०१ मध्ये सरकारी शेती सुरू झाली. तिथे राबणाऱ्या कैद्यांमध्ये आयरिश लोकांचा भरणा मोठा होता. ४ मार्च १८०४ च्या रात्री फिलिप कनिंगहॅम याच्या पुढाकाराने दोनशेहून अधिक कैद्यांनी बंड पुकारले. दुसऱ्याच दिवशी राउज हिलच्या बाजूला मेजर जॉर्ज जॉन्स्टनच्या सैनिकांनी त्यांना गाठले. पंधराएक कैदी मारले गेले आणि नऊ जणांना फाशी झाली. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर मराठे आणि इंग्रज यांच्यातली असईची लढाई होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असते. पण पकडल्या गेलेल्या बाकीच्या बंडखोरांचे काय झाले? त्यांतल्या तीसहून अधिक जणांना गव्हर्नर फिलिप गिडली किंगने बोटीत बसवून उत्तरेकडे धाडले. त्या जागेला तेव्हा ‘कोल रिव्हर’, म्हणजे कोळशाची नदी म्हणत. तिथली आधीची वसाहत १८०२ मध्ये गुंडाळावी लागली होती. मार्च १८०४ च्या अखेरीस लेफ्टनंट चार्ल्स मेन्झिसच्या हाताखाली ती पुन्हा वसली आणि तिचे नाव पडले न्यूकॅसल. आज जगातले सर्वांत मोठे कोळसा निर्यात बंदर असलेले शहर असे कॅसल हिलच्या बंडखोरांच्या शिक्षेतून उभे राहिले.

आपल्या राज्यातल्या विजेच्या वादाकडे या बाजूने पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कोळशाचे निर्णय सिडनीत होतात आणि त्याचा भार हंटरच्या खोऱ्यात कोणीतरी उचलतो. भार उचलणाऱ्याला सर्वांत शेवटी विचारले गेले, तेव्हा तेव्हा राजकारण उलटले आहे.

निक्किन ते निर्यात

कोळसा इंग्रजांनी ‘शोधला’ असे म्हणणे अर्धेच खरे. त्या किनाऱ्यावरचे अवाबाकल लोक त्याला निक्किन म्हणत आणि तो वापरतही असत. १७९७ मध्ये लेफ्टनंट जॉन शॉर्टलंड पळालेल्या कैद्यांच्या मागावर गेला असताना त्याला नदीच्या मुखाशी कोळशाचे थर दिसले. गव्हर्नर जॉन हंटरच्या नावाने ती हंटर नदी झाली. १७९९ मध्ये ‘हंटर’ याच नावाच्या जहाजातून तिथला कोळसा परदेशी गेला, तो आपल्याकडे, बंगालला. या वसाहतीची ही पहिली निर्यात मानली जाते. म्हणजे इथल्या कोळशाचा आणि भारताचा संबंध अगदी पहिल्या दिवसापासूनचा आहे.

सुरुवातीला खाणीत कैदी होते. १८३० च्या सुमारास खाणी ऑस्ट्रेलियन ॲग्रिकल्चरल कंपनीच्या ताब्यात गेल्या आणि १८४७ पर्यंत त्या धंद्यावर तिचीच मक्तेदारी राहिली. पुढे मक्तेदारी मोडली, खाणी वाढल्या, ब्रिटनमधून अनुभवी खाणकामगार आले आणि त्यांच्याबरोबर संघटनाही आली. लिथगोच्या खाणीत काम केलेला आणि कामगार संघटनेतून वर आलेला जोसेफ कुक १९१३ मध्ये देशाचा पंतप्रधान झाला. खाण ही राजकारणाची शाळा होती, ती अशी.

टाळेबंदी आणि संप

मार्च १९२९ मध्ये हंटरमधल्या खाणमालकांनी मजुरीत कपात मागितली आणि कामगारांनी ती नाकारल्यावर खाणींना टाळे लावले. सुमारे दहा हजार माणसे पंधरा महिने घरी बसली. राज्य सरकारने बाहेरचे मजूर आणून रॉथबरीची खाण सुरू करण्याचा घाट घातला. १६ डिसेंबर १९२९ रोजी तिथे जमलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि नॉर्मन ब्राउन हा तरुण खाणकामगार मारला गेला. अखेर जून १९३० मध्ये कामगार कमी मजुरीवर कामावर परतले. सेसनॉकच्या परिसरात ही आठवण अजून पुसलेली नाही.

वीस वर्षांनी खाणकामगार पुन्हा उभे राहिले. या वेळी दिल्लीतल्या सरकारसारखे इथले केंद्र सरकार लेबर पक्षाचे, म्हणजे त्यांचे स्वतःचे होते. २७ जून १९४९ ला संप सुरू झाला. आठवड्याला ३५ तासांचे काम, दीर्घ सेवेची रजा आणि पगारवाढ या मागण्या होत्या. ऐन हिवाळ्यात सिडनीत वीज आणि गॅसवर निर्बंध आले. पंतप्रधान बेन चिफली स्वतः एके काळचे इंजिन ड्रायव्हर. त्यांनी ऑगस्टमध्ये लष्कराला उघड्या खाणींत उतरवले. शांततेच्या काळात संप मोडण्यासाठी सैन्य वापरण्याची ही ऑस्ट्रेलियातली पहिलीच वेळ. संप सात आठवड्यांत मोडला, पण डिसेंबरच्या निवडणुकीत चिफलींचे सरकार पडले. पडण्याची कारणे अनेक होती, तरी संपाची सावली त्या निकालावर होती. लेबरला केंद्रात परत यायला १९७२ उजाडले.

वीज कोणाच्या मालकीची?

त्या टंचाईच्या काळातच, १९५० मध्ये, राज्याचे वीज आयोग स्थापन झाले. आपल्याकडच्या राज्य विद्युत मंडळासारखीच ही संस्था. कोळसा सिडनीला वाहून आणण्यापेक्षा खाणीशेजारी वीज तयार करायची आणि तारांनी शहरात आणायची, हे तिचे धोरण. लिडेल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, तर इरेरिंग आणि बेस्वॉटर १९८० च्या दशकात उभी राहिली. सरकारी नोकरी, शिकाऊ उमेदवारी, मुलालाही तिथेच काम, अशी दोन पिढ्यांची घडी हंटरमध्ये बसली.

ती विस्कटू लागली खासगीकरणाच्या चर्चेने. १९९७ मध्ये बॉब कार यांचा वीज क्षेत्र विकण्याचा प्रस्ताव लेबरच्याच परिषदेने फेटाळला. मे २००८ मध्ये मॉरिस आयेमा यांनी पुन्हा तेच मांडले, तेव्हा ठराव ७०२ विरुद्ध १०७ मतांनी त्यांच्याविरुद्ध गेला. त्यांनी हट्ट सोडला नाही आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे मुख्यमंत्रिपद गेले. विक्री मात्र थांबली नाही. इरेरिंग २०१३ मध्ये ओरिजिनकडे, लिडेल आणि बेस्वॉटर २०१४ मध्ये एजीएलकडे गेली. आपल्या घरी वीज आणणाऱ्या एन्डेव्हर एनर्जीचा अर्ध्याहून थोडा अधिक हिस्सा २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाड्याने दिला गेला. त्यामुळे केंद्र कधी बंद करायचे, हा निर्णयही मंत्रालयातून कंपनीच्या बैठकीत गेला.

बंद करण्याची रीत

केंद्रे जुनी झाली की बंद होणारच. प्रश्न असतो तो कसे बंद करायचे याचा. शेजारच्या व्हिक्टोरियात हेझलवूड केंद्र बंद होणार हे नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर झाले आणि मार्च २०१७ मध्ये ते बंदही झाले. मिळाले जेमतेम पाच महिने. लॅट्रोब खोऱ्यातली घरे हादरली आणि विजेचे दरही चढले. त्यानंतर राष्ट्रीय वीज बाजारात किमान तीन वर्षे आधी सूचना देण्याचा नियम आला.

लिडेलचे उलट झाले. एजीएलने २०१५ मध्येच बंद करण्याचे जाहीर केले. माल्कम टर्नबुल यांच्या सरकारने ते चालू ठेवण्यासाठी दबाव आणला, दुसऱ्या कंपनीने विकत घेण्याची तयारी दाखवली, पण एजीएलने ऐकले नाही. २८ एप्रिल २०२३ रोजी शेवटचा संच थांबला. मधल्या आठ वर्षांत काही कामगार निवृत्त झाले, काही शेजारच्या बेस्वॉटरमध्ये सामावले गेले. दिवे गेले नाहीत आणि गावही उठले नाही. सूचनेला किती किंमत असते, ते या दोन उदाहरणांवरून कळते.

दरम्यान २०२० मध्ये लिबरल सरकारमधले ऊर्जामंत्री मॅट कीन यांनी नव्या वीजनिर्मितीचा आराखडा कायद्यात आणला आणि लेबरने त्याला पाठिंबा दिला. कोळशाच्या राज्यात दोन्ही मोठे पक्ष एका बाजूला येणे ही मोठीच गोष्ट होती. पण मतदार सर्वत्र खूश नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी केंद्राच्या निवडणुकीत हंटर मतदारसंघात, लेबरच्या शतकभराच्या बालेकिल्ल्यात, वन नेशनच्या उमेदवाराला एक पंचमांशाहून अधिक मते पडली होती. पुढे २०२५ मध्ये बंद होणारे इरेरिंगही मे २०२४ मध्ये सरकारने कंपनीशी करार करून २०२७ पर्यंत लांबवले. नवी वीज वेळेवर आली नाही, तर जुन्याचीच मनधरणी करावी लागते.

आणखी एक गोष्ट चर्चेत नेहमी निसटते. या राज्यात निघणारा बहुतेक कोळसा आपण जाळत नाही, तो न्यूकॅसलहून जपान, कोरिया, तैवान, चीन इकडे जातो. म्हणून वीज केंद्र बंद झाले म्हणजे खाण बंद झाली, असे नाही. खाणींचे भवितव्य टोकियो आणि सोलमध्ये ठरणार आहे. पण त्या दिवसाची तयारी इथेच करावी लागेल, कारण राज्याच्या तिजोरीत कोळशाच्या रॉयल्टीतून दरवर्षी अब्जावधी डॉलर येतात आणि आपली रुग्णालये, शाळा त्यावरही चालतात.

आपण कुठे?

उद्योग गेल्यावर गावाचे काय होते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले, ते आपल्यातल्या अनेकांच्या घरांनी पाहिले आहे. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले, पण गिरणी कामगाराच्या मुलाला त्यात काय मिळाले, हा प्रश्न तसाच राहिला. तिथे गिरणी वाईट की मॉल चांगला, हा वाद नव्हताच. जमिनीचे आणि माणसांचे काय करायचे, हे कामगारांशी बोलून आधी ठरले नाही, हे खरे दुखणे होते. उद्या हाच प्रश्न चंद्रपूर, कोराडी आणि परळीला पडणार आहे.

इथे आपण बहुतेक जण विजेच्या तारेच्या या टोकाला राहतो. छतावर सौर पॅनेल आहेत. कॅसल हिलवरून धावणारी मेट्रो वापरते त्या विजेची भरपाई गल्गाँगजवळच्या बेरिल सौर प्रकल्पातून होते. त्याच मध्य-पश्चिम भागात आता नव्या विजेच्या तारा शेतांवरून जात आहेत आणि तिथले शेतकरी विचारत आहेत की आम्हाला आधी का नाही विचारले? हा तोच जुना प्रश्न आहे. विचारणारे तेवढे बदलले आहेत.

म्हणून पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारी आले, की वीजबिल किती कमी होईल हे जरूर विचारावे. त्याबरोबर मसलब्रुकच्या फिटरचे आणि गल्गाँगच्या शेतकऱ्याचे काय ठरले आहे, हेही विचारावे. आपल्या गावातून २२० वर्षांपूर्वी काही माणसे बोटीत बसवून कोळसा खणायला पाठवली गेली, तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते. आता तरी विचारायची पाळी आपली आहे.