वृद्धांची स्वच्छता : एका उपेक्षित कामाचा इतिहास

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला अंघोळ घालणे, मलमूत्र पुसून काढणे, कवळी धुणे, नखे कापणे, केस विंचरणे ही कामे विज्ञानाच्या इतिहासात सहसा आढळत नाहीत. ती 'हलकी' कामे मानली गेली आणि म्हणून त्यांच्याकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची गरज फार उशिरा जाणवली. या उशिराची किंमत असंख्य वृद्धांनी आपल्या कातडीने मोजली.

एकोणिसाव्या शतकात वाद होता तो शय्याव्रणांचा, म्हणजे सतत पडून राहिल्याने पाठीवर, माकडहाडाजवळ, टाचांना होणाऱ्या जखमांचा. पॅरिसचे विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या मते या जखमा मज्जासंस्थेच्या बिघाडातून होत. तसे असेल तर शुश्रूषेने त्या टळणार कशा? उलट ब्राउन-सेकार यांनी १८५०च्या दशकात मज्जारज्जू कापलेल्या प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले होते, की अंगावर सतत दाब येऊ दिला नाही आणि कातडी मलमूत्रापासून स्वच्छ ठेवली, तर जखमा टळतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही १८५९च्या आपल्या पुस्तकात अशा जखमांचा दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो, असे बजावले होते. तरीही 'म्हातारपणी हे व्हायचेच' ही समजूत टिकली.

तिला धक्का दिला तो डॉ. मार्जरी वॉरेन यांनी. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारचे गरिबांसाठीचे जुने शुश्रूषागृह आले. तेथे शेकडो वृद्ध वर्षानुवर्षे पडून होते. वॉरेन यांनी प्रत्येकाची तपासणी केली, निदान केले आणि शक्य त्यांना उठवून बसविले, चालविले. मलमूत्रावर ताबा नसलेले, हातपाय आखडलेले अनेकजण पुन्हा हिंडूफिरू लागले, काही घरी गेले. अंथरूण हे केवळ रोगाचे फळ नसून रोगाचे कारणही असते, हे यातून स्पष्ट झाले.

चोळण्यापेक्षा वळवणे

पुढचे पाऊल एका परिचारिकेने टाकले. डोरीन नॉर्टन यांनी मॅकलारेन व एक्स्टन-स्मिथ यांच्यासह केलेला अभ्यास १९६२मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर रुग्णालयांत पाठीला साबण, स्पिरिट, मलमे, एवढेच काय, अंड्याचा पांढरा बलकही चोळला जाई. नॉर्टन यांनी निरीक्षणांवरून पाच बाबी निवडल्या : शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, हिंडणेफिरणे, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा. प्रत्येकीला १ ते ४ गुण, एकूण २०. बेरीज १४ किंवा कमी आली, तर धोका. उपाय मात्र साधा ठरला : चोळणे नव्हे, तर ठरावीक वेळाने कूस बदलणे.

कारण शाळेत शिकविल्या जाणाऱ्या सूत्रातच आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. उताणे झोपलेल्या माणसाचा बराच भार हाडांच्या थोड्याशा उंचवट्यांवर येतो. लँडिस यांनी १९३०मध्ये केशवाहिन्यांतील रक्तदाब मोजला. रक्त येते त्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला. बाहेरचा दाब बराच वेळ याहून अधिक राहिला, की रक्तपुरवठा अडतो आणि पेशी मरतात. हाडावरची नाजूक कातडी जोराने चोळल्यास इजा वाढतेच. आपल्याकडेही पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावण्याची पद्धत घरोघरी आहे, म्हणून हे सांगणे अगत्याचे.

दुसरे कारण रासायनिक आहे. शादे आणि मार्किओनिनी यांनी १९२८मध्ये कातडीवरील आम्लावरणाची कल्पना मांडली. निरोगी कातडीचा सामू ५च्या आसपास असतो, साध्या साबणाचा ९ ते १०. ओल्या कपड्यात जीवाणू लघवीतील युरियापासून अमोनिया तयार करतात. सामू वाढतो आणि विष्ठेतील विकरे अधिक जोमाने कातडीवर हल्ला करतात. म्हणून कपडा लगेच बदलणे, कोमट पाण्याने हळुवार धुणे, टिपून कोरडे करणे आणि साबण बेताने वापरणे योग्य. स्त्रियांना पुढून मागे पुसावे, म्हणजे विष्ठेतील जीवाणू मूत्रमार्गाकडे जात नाहीत.

कातडीपलीकडे

स्वच्छ कातडी म्हणजे सर्व काही नव्हे. १९६५ साली मानसोपचारतज्ज्ञ बार्बरा रॉब लंडनच्या फ्रायर्न मनोरुग्णालयात एका ओळखीच्या वृद्धेला भेटायला गेल्या. तेथील वृद्ध स्त्रियांचे केस एकाच पद्धतीने कापलेले होते, चष्मे, कवळ्या, श्रवणयंत्रे काढून घेतलेली होती. चष्मा नसलेला माणूस गोंधळलेला वाटतो, कवळी नसलेला नीट जेवत नाही. मग गोंधळ आणि अशक्तपणा दोन्ही वार्धक्याच्या खाती जमा होतात. रॉब यांनी १९६७मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. सरकारी चौकशीने १९६८मध्ये बहुतेक आरोप फेटाळले. परंतु १९६९मध्ये कार्डिफच्या इली रुग्णालयाच्या चौकशीत रुग्णांचे हाल सिद्ध झाले आणि त्याच वर्षी अशा रुग्णालयांना भेटी देणारी यंत्रणा उभी राहिली.

अमेरिकेत सिडनी कॅट्झ यांनी १९६३मध्ये आणखी एक गोष्ट दाखविली. अंघोळ, कपडे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावर ताबा, जेवण ही कामे मूल ज्या क्रमाने शिकते, साधारण त्याच्या उलट क्रमाने वृद्ध ती गमावतात. सर्वांत आधी जाते अंघोळ. म्हणजे जे काम माणूस दार लावून करतो, त्यासाठीच प्रथम दुसऱ्याचा हात लागतो. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध अंघोळीच्या वेळी ओरडतात, मारतात, ते यामुळेही. स्लोन व सहकाऱ्यांनी २००४मध्ये दाखविले, की प्रत्येकाच्या सोयीने घातलेल्या अंघोळीने, किंवा अंग झाकलेले ठेवून ओल्या उबदार टॉवेलने पुसल्याने, असे प्रकार निम्म्याहून कमी होतात.

तेव्हा वर्गात दाब किंवा सामू शिकविताना हे उदाहरण जरूर घ्यावे. अनेक विद्यार्थ्यांच्या घरी आजी-आजोबा असतात. कूस का बदलायची, साबण किती लावायचा आणि अंगावरचे पांघरूण काढण्यापूर्वी विचारायचे का, हे त्यांना कारणांसह कळले, तर ते ज्ञान त्याच दिवशी घरी उपयोगी पडेल.