तापमानवाढ (घोडेगाव परिसर)

घोडेगाव (ता. नेवासे, जि. अहिल्यानगर) कांदाबाजारासाठी प्रसिद्ध. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग समुद्रापासून दूर असल्याने येथील उन्हाळा मुळातच कडक. अक्षांश, उंची, वारे, जमिनीतील ओल ही तापमानाची जुनी कारणे; त्यांवर मानवनिर्मित कारणाची, म्हणजे हवेत वाढणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची, भर पडली, आणि आज तेच सर्वांत चिंताजनक आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता. २०२४ मध्ये तो ४२० च्या वर गेला. त्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान १८५०–१९०० च्या तुलनेत सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक होते. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा जोरात कोसळतो. काढणीच्या वेळी अशा अवकाळी पावसात भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, सडतो.