समुद्रपूर ते समुद्रपार

हॉस्टेलला पहिल्याच दिवशी रूममेटनं विचारलं होतं, "आजोळ समुद्रपूर? मग बीच असेल ना?" आता काय सांगणार... वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या समुद्रपूरला हळद आहे, कापूस आहे, जवळच गिरडची टेकडी आहे. समुद्र तेवढा नाही.

तर मंडळी, परवा मामांशी बोलणं झालं. मामा दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा एसटीनं वर्धा, चार तास मशीन, मग परत एसटी. न्यू जर्सीतला दादा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मामा, उपचाराला इकडेच या ना!" मामा हसले. "अमेरिकेले एक डाव जाऊन येईन बापा. पन वर्ध्याले हप्त्यातून तीनदा कुठवर जाऊ? पवनारला विनोबांनी औषध सोडलं होतं. मी बी सोडतो आता."

हसत म्हणाले, पण मला झोप लागली नाही. शनिवार-रविवार मग वाचण्यात गेला.

किडनीसाठी अमेरिकेला जाण्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे जयप्रकाश नारायण. 1954 मध्ये विनोबांच्या भूदानाला आयुष्य वाहिलेला माणूस. 26 जून 1975ला आणीबाणीत अटक झाली, चंदीगडला स्थानबद्ध ठेवलं. नोव्हेंबरात सुटून मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये आले, तेव्हा किडन्या निकामी झालेल्या. तेव्हापासून डायलिसिस. मे 1977 मध्ये, जनता सरकार येऊन जेमतेम दोन महिने झाले असताना, ते उपचारासाठी सिएटलला गेले.

डायलिसिसच्या जगात सिएटल म्हणजे पंढरीच. मशीन खरं तर हॉलंडमध्ये डॉ. कोल्फ यांनी 1943 मध्येच बनवलं होतं. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी लागायची, आणि त्या तर संपायच्या! म्हणजे काही दिवस जीव वाचणार, पुढे काय? 1960 मध्ये सिएटलच्या डॉ. स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची छोटी नळी हातात कायमची बसवली. झालं, तेच मशीन आता वर्षानुवर्षं वापरता येऊ लागलं. (आपल्या भाषेत: प्रोसेसर तोच, फक्त कनेक्टर बदलला!)

पण मशीनं थोडी आणि रोगी फार. 1962 मध्ये तिथे सेंटर सुरू झालं तेव्हा कुणाला घ्यायचं हे एक नागरी समिती ठरवायची. म्हणजे खुद्द सिएटलमध्ये राहूनही माणूस 'समुद्रपार'च राहू शकत होता. 1964 मध्ये एका शाळकरी मुलीला या समितीनं नाकारलं. तेव्हा तिथल्या विद्यापीठातल्या एका इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकानं, आल्बर्ट बॅब यांनी, आपली टीम घेऊन काही महिन्यांत घरी चालेल असं मशीन बनवलं. मुलगी मशीनकडे जाऊ शकत नव्हती, तर मशीन तिच्या घरी गेलं. सिएटलकडून शिकायचं ते हे, असं मला वाटतं.

जेपींचं काय झालं? परत आले, डायलिसिस चालूच राहिलं. मार्च 1979 मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची चुकीची बातमी थेट लोकसभेत सांगितली गेली. 8 ऑक्टोबर 1979ला पाटण्यात ते गेले. परदेशवारी एकदाची असते, डायलिसिस जन्माचं. त्यामुळे समुद्र ओलांडता येतो की नाही यापेक्षा मशीन घरापासून किती लांब आहे, हा प्रश्न मोठा. 2016च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची योजना जाहीर झाली, ती याच दिशेनं. पण समुद्रपूरच्या माणसाला जिल्हाही लांबच की हो.

आणि विनोबा? नोव्हेंबर 1982 मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर पवनारला त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं. 15 तारखेला गेले. वय 87. तो त्यांचा विचारपूर्वक निर्णय होता. मामा 61 वर्षांचे आहेत, आणि त्यांचा नकार जगण्याला नाही, एसटीला आहे. या दोन गोष्टींची गल्लत होऊ द्यायची नाही.

रविवारी रात्री मामांना हे सगळं सांगितलं. पोटातून घरच्या घरी करायचं डायलिसिस त्यांना चालेल का, हे डॉक्टरांना विचारायचं ठरलंय. मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंगळवारची एसटी पकडतो तोवर."

असो. मंगळवारी मीही जातोय. रजा टाकली आहे.