प्लेगची नोंद व लोकांचें अभय

प्लेगच्या सांथीचे कागद चाळतांना संशोधकानें एक प्रश्न आधीं विचारावा: खरें सांगितल्यानें सांगणाराचें काय जाणार होतें? ठाणें-कल्याणकडील हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला व फेब्रुवारी १८९७ मध्यें सांथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या कलमानें आगगाडीच्या उतारूंची तपासणी करण्याचा व संशयितांस वेगळें ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला. कल्याण हें मुंबईहून देशावर जाण्याचें नाकें. येथूनच लोहमार्गाचा एक फांटा बोरघाटानें पुण्याकडे व दुसरा थळघाटानें नाशिकाकडे जातो. अर्थात् तपासणीस हें ठिकाण सोयीचें होतें.

सरकारचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. रोगी कोठें आहे हें कळल्यावांचून सांथ आवरत नाहीं. परंतु परक्या हातांनीं अंग चांचपणें, घराची झडती, रोग्याची कुटुंबापासून ताटातूट, यांच्या धास्तीनें लोकांनीं रोगी लपविले व मृत्यूहि लपविले. पुण्यांत हा क्षोभ इतका वाढला कीं, २२ जून १८९७ रोजीं प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांजवर गोळी झाडण्यांत आली. ज्या माहितीसाठीं एवढी सक्ती, तीच माहिती सक्तीमुळें लंगडी झाली. म्हणून त्या सालांतील मृत्यूंचे आंकडे किमान समजूनच वापरावे.

याच्या उलट उदाहरण शिरगणतीचें. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणें तिच्या नोंदी पाहण्याचा कोणास हक्क नाहीं, व दिवाणी दाव्यांत त्या पुरावा म्हणून चालत नाहींत. २०११ सालीं त्या वेळच्या अखंड ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ भरली. ही बेरीज सर्वांस खुली आहे. घरोघरचा तपशील झांकलेला आहे.

पुढें मार्च २०२० मध्यें कोविडसाठीं महाराष्ट्रांत तोच १८९७ चा कायदा लागू झाला. घरींच वेगळें राहण्यास सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारण्यांत आले. शिक्का आरोग्यखात्याच्या कामाचा. तो दिसे मात्र वाटेवरच्या प्रत्येकास.

आमचें अनुमान असें कीं, नोंद लोकोपयोगी व्हावयाची तर ती खरी पाहिजे, व खरी व्हावयाची तर सांगणारास अभय पाहिजे. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील ज्या घराण्यांत प्लेगच्या सालांतील पत्रें अगर रोजनिश्या असतील, त्यांनीं त्या अभ्यासकांस दाखवाव्या. रोग्यांचीं नांवें झांकून दिल्या तरी आमचें काम अडणार नाहीं.