मेंदूज्वर : साधा ताप आणि धोक्याची खूण

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची गर्दी होते. त्यातील बहुतेक ताप तीन-चार दिवसांत उतरतात. मात्र तापासोबत मूल असंबद्ध बडबडू लागले, घरच्यांना ओळखेनासे झाले, सारखे गुंगीत राहू लागले किंवा त्याला आकडी आली, तर तो साधा ताप राहत नाही. विषाणूंमुळे प्रत्यक्ष मेंदूला सूज आल्याची ही लक्षणे असू शकतात. यालाच विषाणूजन्य मेंदूज्वर म्हणतात. केवळ मेंदूच्या आवरणांना सूज आल्यास डोके दुखते, मान ताठरते, पण भान बहुधा शाबूत असते. मेंदूज्वरात भान आणि वागणे बिघडते, हा महत्त्वाचा फरक आहे.

या आजाराच्या इतिहासात महाराष्ट्रातील एका गावाचे नाव कायमचे नोंदले गेले आहे. १९६५ मध्ये नागपूर परिसरात तापाची साथ असताना चांदीपुरा येथील दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, एक नवा विषाणू वेगळा केला. रेबीजच्या विषाणूच्याच कुळातील हा विषाणू पुढे बरीच वर्षे फारसा कोणाच्या लेखी नव्हता. २००३ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतील १८३ दगावली, तेव्हा त्याचे खरे स्वरूप समोर आले. २००७ मध्ये विदर्भातही त्याचा उद्रेक झाला. २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची व ८२ मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी ६४ जणांना चांदीपुराची लागण झाल्याचे सिद्ध झाले. त्यातील बहुतेक रुग्ण गुजरातचे होते. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा व पेठ हे तालुके गुजरातला लागूनच आहेत, तेव्हा ही साथ आपल्यापासून दूर आहे असे मानण्यात अर्थ नाही.

चांदीपुराचा वेग भयावह असतो. सकाळी तापलेले मूल संध्याकाळपर्यंत बेशुद्ध होऊ शकते आणि अनेक मृत्यू २४ ते ४८ तासांत होतात. हा विषाणू मुख्यतः १५ वर्षांखालील मुलांना गाठतो. त्याचा प्रसार सँडफ्लाय ही डासाहूनही लहान माशी करते. मातीच्या भिंतींच्या भेगा आणि गोठ्यातील ओल ही तिची आवडती ठिकाणे. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही ती आत शिरते. म्हणूनच भेगा लिंपणे, गोठा कोरडा ठेवणे आणि कीटकनाशकाची फवारणी यांना महत्त्व आहे. या विषाणूवर अद्याप लस नाही, खास औषधही नाही.

जपानी मेंदूज्वर डासांमुळे पसरतो. भातशेतीतील साचलेल्या पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास तो डुकरे व पाणपक्ष्यांकडून माणसापर्यंत आणतात. त्याच्यावर लस उपलब्ध आहे.

शहरी वाचकाने विशेष ध्यानात ठेवावा तो हर्पिस सिम्प्लेक्सचा मेंदूज्वर. त्याला ना ऋतू, ना डास. ओठांवर जर उठवणारा हाच विषाणू क्वचित मेंदूत शिरतो. प्रौढ माणूस एकाएकी विचित्र वागू लागतो, शब्द विसरतो आणि घरच्यांना हा मानसिक ताण वाटतो. उपचाराविना यात १०० पैकी सुमारे ७० रुग्ण दगावतात. मात्र अॅसायक्लोव्हिर हे औषध शिरेतून दर आठ तासांनी १४ ते २१ दिवस दिल्यास हे प्रमाण बरेच खाली येते. ते जितके लवकर सुरू होईल तितका लाभ अधिक. त्यामुळे संशय येताच, तपासणीचा अहवाल हाती येण्याची वाट न पाहता, डॉक्टर ते सुरू करतात. नातेवाइकांना ही घाई अनाठायी वाटते, पण ती योग्यच असते.

निदानासाठी पाठीच्या मणक्यातील पाणी तपासावे लागते. या तपासणीने पाय लुळे पडतात, हा समज निराधार आहे. सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली घातली जाते. मेंदूतील दाब वाढल्याची शंका असेल तर आधी स्कॅन केला जातो. या पाण्याच्या पीसीआर व प्रतिपिंडांच्या चाचण्यांतून विषाणू ओळखता येतो, तर एमआरआयमध्ये मेंदूचा कोणता भाग सुजला आहे ते दिसते. हिवताप व रक्तातील साखर यांची तपासणीही लगेच केली जाते, कारण दोन्हींमुळे अशीच बेशुद्धी येते आणि दोन्हींवर तातडीचे उपचार आहेत.

अन्य विषाणूंच्या बाबतीत आकडी थांबवणे, मेंदूवरची सूज उतरवणे, श्वास व रक्तदाब सांभाळणे हाच उपचार असतो, आणि त्यासाठी अतिदक्षता विभाग लागतो. दुर्गम पाड्यावरून तिथवर पोहोचण्यातच बराच वेळ जातो. वाटेत आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात पाणी वा चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नये. ताप उतरवण्यासाठी अॅस्पिरिन देऊ नये. आकडी किती वेळ टिकली आणि ताप केव्हा सुरू झाला, हे ध्यानात ठेवावे. रुग्णालयात पहिला प्रश्न तोच विचारला जातो.