अवयव पाडण्याची रीत आणि शून्याचे स्थान

भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त १३५ ला १२ ने गुणण्याच्या अनेक रीती आहेत. त्यांपैकी एका रीतीत १२ चे ८ आणि ४ असे खंड करतात. १०८० व ५४० यांची बेरीज १६२० येते. आज आपण शिकवतो तो वितरणाचा नियम हाच. याच ग्रंथाचा फारसी अनुवाद फैजीने १५८७ मध्ये केला.

त्याआधी नवव्या शतकात, खलिफा अल-मामून (८१३–८३३) याच्या काळी, बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने हाच नियम आकृतीतून वापरला. त्याचे प्रसिद्ध उदाहरण असे: क्ष² + १०क्ष = ३९. क्ष बाजूचा चौरस काढून त्याच्या लगतच्या दोन बाजूंना ५ रुंदीचे आयत जोडावेत. कोपऱ्यात २५ क्षेत्रफळाची जागा उरते. ती भरली की ३९ + २५ = ६४; मोठ्या चौरसाची बाजू ८, म्हणून क्ष = ३.

येथे अवयव पाडलेले नाहीत. अल-ख्वारिज्मीची सर्व पदे धन असत आणि समीकरणाची एक बाजू शून्य नसे. लांबी ऋण असू शकत नाही; त्यामुळे −१३ हे दुसरे मूळ त्याच्या मांडणीत येत नाही.

सर्व पदे एका बाजूला नेऊन दुसरीकडे शून्य ठेवण्याचा लाभ सतराव्या शतकात स्पष्ट झाला. थॉमस हॅरियटच्या १६३१ मध्ये, त्याच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात द्विपदींच्या गुणाकारातून समीकरणे घडवलेली आहेत. देकार्तने १६३७ मध्ये (क्ष − २) आणि (क्ष − ३) यांच्या गुणाकारातून क्ष² − ५क्ष + ६ = ० हे समीकरण मिळवून दाखवले. म्हणजे अवयव पाडणे ही वितरणाचीच उलट क्रिया होय. त्याच रीतीने वरील समीकरण (क्ष + १३)(क्ष − ३) = ० असे लिहिता येते आणि दोन्ही मुळे हाती येतात.

वर्गात या इतिहासाचा थेट उपयोग आहे. विद्यार्थी क्ष(क्ष + १०) = ३९ येथेच थांबून ३९ चे अवयव जुळवू लागतो. ३ आणि १३ जुळतात, पण −१३ निसटते. गुणाकार ३९ असला तर अवयवांबद्दल निश्चित काही सांगता येत नाही; तो शून्य असला तर एक अवयव शून्य असलाच पाहिजे. म्हणून आधी खंडगुणन, मग चौरसाची आकृती आणि शेवटी शून्य, हा क्रम शिक्षकांनी अवलंबावा.