वरचा पापुद्रा

ढोकी, तेर, येडशी या पट्ट्यात एक समज घट्ट रुजला आहे. वर्षावनं तुटतात ती ब्राझील-इंडोनेशियात. लाकूडचोर तिथले, गिऱ्हाईक युरोप-अमेरिकेतलं. आपल्या घरातल्या कपाटाचा त्याच्याशी काय संबंध? शिवाय आपण आता सागवान घेत नाही, प्लाय घेतो. आणि सागवान घेतलंच तर परदेशचं, म्हणजे आपलं जंगल शाबूत. शहाणी, झाडांवर माया करणारी माणसंही असं मानतात, म्हणून हा समज मुळापासून तपासायला हवा.

धाराशिव जिल्ह्यात जंगल नावालाच आहे. येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य हा त्यातला जपलेला तुकडा. तिथल्या इमारती लाकडाचा प्रश्नच येत नाही. पण जंगल नाही म्हणून संबंध नाही, हा युक्तिवाद उलटा आहे. ज्या गावाला स्वतःचं रान नाही, त्या गावातली बहुतेक दारं दुसऱ्याच्या रानातूनच येणार. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये तगर, म्हणजे आपलं तेर, येतं. आणि गुजरातच्या भडोचहून इराणी आखाताकडे तुळया, शिसवी व आबनुसाचे ओंडके जात, हेही येतं. तेव्हा याच किनाऱ्यावरून लाकूड बाहेर जात होतं. आज गुजरातच्याच कांडला बंदरात ते बाहेरून उतरतं.

हा प्रवाह उलटण्यात कायद्याचाही वाटा आहे. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात देशातल्या बेलगाम वृक्षतोडीला लगाम घातला. निर्णय योग्यच होता. पण लाकडाची भूक तशीच राहिली आणि कुऱ्हाड सरहद्दीपलीकडे गेली. म्यानमारच्या सागवानी ओंडक्यांचा भारत सर्वांत मोठा ग्राहक होता. 1 एप्रिल 2014 पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली. 2010 ते 2020 या दशकात सर्वाधिक वनक्षेत्र गमावलेल्या दहा देशांत म्यानमार आहे. आपलं जंगल वाचलं असेल, तर त्याची किंमत कोणी मोजली हेही सांगायला हवं.

आता प्लाय. साग मुळात वर्षावनातला वृक्षच नव्हे, तो पानगळीच्या रानातला. वर्षावनातला वृक्ष म्हणजे गर्जन, आणि प्लायवूडच्या दोन्ही बाजूंचा तांबूस, गुळगुळीत पापुद्रा वर्षानुवर्षं गर्जनाचाच असे. 'गर्जन फेस' म्हणून दुकानदार तो अभिमानाने दाखवतो. गर्जनाची टंचाई झाली तशी गॅबनच्या वर्षावनातल्या ओकुमेची भर पडली. चौकटीला लागणारं 'मलेशियन साल'ही वर्षावनातलंच. म्हणजे सागवान टाळून प्लाय घेणारा माणूस नकळत वर्षावनाच्या जवळच जातो.

पावती आहे, म्हणजे माल कायदेशीर, हे तर मला सर्वांत घातक वाटतं. इंटरपोल आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2012 मध्ये जगातल्या लाकूडव्यापाराचा 15 ते 30 टक्के हिस्सा बेकायदा असल्याचा अंदाज मांडला. अमेरिकेने 2008 मध्ये चोरीच्या लाकडाची आयात गुन्हा ठरवली, युरोपीय संघाने 2013 पासून तशी बंदी लागू केली. आपल्या बंदरात मात्र ओंडक्याला कीड नसल्याचा दाखला लागतो. ओंडका चोरीचा नसल्याचा पुरावा मागणारा तसा कायदा नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने लाकडासाठी प्रमाणन योजना आणली, पण ती ऐच्छिक आहे.

वर्षावनं मुख्यतः शेती आणि गुरांसाठी साफ होतात, फर्निचरसाठी नव्हे, हा आक्षेप खरा आहे. पण घनदाट वनात पहिला रस्ता बहुधा लाकूडवाला पाडतो. पाम तेलवाला आणि गुरं पाळणारा त्याच रस्त्याने आत शिरतात.

म्हणून लाकूडच सोडा, असं मी म्हणणार नाही. हरियाणातल्या यमुनानगरचा प्लायवूड उद्योग शेतकऱ्यांच्या पॉपलर आणि निलगिरीवर उभा आहे. सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला उसाच्या चोथ्यापासून बोर्ड बनले. ढोकीतच तेरणा साखर कारखाना आहे, चोथा दाराशी आहे. तो बॉयलरमध्ये जाळायचा की त्यातला काही बोर्डाला द्यायचा, हा हिशेब इथल्या ऊसउत्पादकाने मांडावा. आणि जिल्हा परिषदेने शाळांच्या बाकांच्या निविदेत एक अट आजच घालावी: लाकूड कोणत्या देशातलं, कोणत्या वनातलं किंवा कोणत्या शेतातलं, हे लेखी दिल्याशिवाय बिल निघणार नाही.